घर आधी, पब नंतर: इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या पबचं १:२४ मापाचं मॉडेल ठाण्यात कसं बांधावं

दिवाळीचा किल्ला करणाऱ्या हातांना मॉडेलचं काम नवं नसतं. पण किल्ला बाहेरून आत जातो: दगडमातीचा ढीग, त्यावर तट, त्यावर बुरूज. इंग्लंडच्या खेड्यातला चारशे-पाचशे वर्षांचा पब याच्या उलट, आतून बाहेर येतो. आधी लाकडी सांगाडा, मग कूड, मग गिलावा, मग छप्पर. त्यातही तो बहुधा पब म्हणून बांधलेलाच नसतो. ते एका शेतकऱ्याचं घर असतं. घरच्या बाईने आंबवून केलेली एल, म्हणजे तिकडची बिअर, दारात विकली जाऊ लागते. पुढे धुराडं येतं, वरचा मजला येतो, विटांचा दर्शनी भाग येतो आणि सगळ्यात शेवटी काउंटर. वूस्टरशरमधल्या ब्रेटफर्टन गावचा फ्लीस इन हा याचा चांगला नमुना. मूळचं मध्ययुगीन शेतघर, पबचा परवाना १८४८ मध्ये, आणि १९७७ मध्ये मालकीण लोला टॅपलिन यांनी मृत्युपत्राने ते नॅशनल ट्रस्टला, म्हणजे तिथल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं.

म्हणून मॉडेलही त्याच क्रमाने बांधावं. पहिल्या दिवशीच काउंटर आणि पाटी करायला घेतली तर शेवटी खोक्यावर रंगवलेल्या काळ्या पट्ट्या उरतात. घर उभं राहिलं की प्रत्येक शतकाची भर कुठे आणि का बसली हे हाताला आपोआप कळतं.

माप आणि आकार

१:२४ हे प्रमाण निवडण्याचं कारण सरळ आहे. इंग्रजी सुतार फूट-इंचांत काम करत होते. या प्रमाणात १ फूट म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. लाकडाच्या जाडीसाठी तर आणखी सोपं: खरा १ इंच म्हणजे मॉडेलवर जवळपास १ मिमी. दहा इंची खांब असेल तर १० मिमीची पट्टी घ्यायची. १:४८ घेतलं तर मॉडेल कपाटावर मावतं, पण खाच-कुसू (एका लाकडात खाच आणि तिच्यात बसणारं दुसऱ्या लाकडाचं तासलेलं टोक, म्हणजे कुसू) कापणं अशक्य होतं, आणि या इमारतीचा जीव सांध्यांत आहे.

आपल्या जुन्या घरांसारखं हे घरही खणांत मोजतात, फक्त खण मोठे असतात. आपण तीन खण घेऊ: दोन्ही टोकांचे १४ फुटी आणि मधला १८ फुटी. मॉडेलवर ते १७८, २२९ आणि १७८ मिमी, म्हणजे एकूण लांबी साधारण ५८५ मिमी. रुंदी १८ फूट, म्हणजे २२९ मिमी. जोत्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत १५ फूट, म्हणजे १९० मिमी. छप्पर आणि धुराडं धरून उंची ४४० मिमीच्या आसपास जाते. हे आधी कपाटात, शोकेसमध्ये आणि दारातून मोजून बघा.

मधला खण म्हणजे मूळचं मोठं दालन, छपरापर्यंत उघडं, जमिनीवर मधोमध चूल. धूर छपरातूनच बाहेर जायचा. समोरून पाहताना उजवीकडचा खण घरमालकाच्या खासगी खोलीचा आणि डावीकडचा कोठारांचा. कोठारातल्या एका खोलीत पेयांची पिंपं असत. पुढे पब झाल्यावर पिंपांची खोली बहुतेक वेळा तिथेच राहिली, हे ध्यानात ठेवा. काउंटर कुठे लावायचं ते यावरून ठरणार आहे.

सामान

लाकडासाठी फर्निचरच्या कामातून उरलेल्या सागाच्या सरळ रेषांच्या पट्ट्या उत्तम. त्या नसतील तर पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन चालेल, गाठी टाळून. बाल्साचं हलकं लाकूड नको, पटाशी लावली की चुरा होतो. वखारीतून किंवा सुताराकडून मशीनवर अशा पट्ट्या चिरून आणा: खांबांसाठी १० × १० मिमी दोन मीटर, आडव्या तुळयांसाठी १० × १२ मिमी सव्वा मीटर, उंबरठ्याच्या, मधल्या आणि माथ्याच्या आडव्या लाकडांसाठी ८ × ८ मिमी सात मीटर, कुडाच्या चौकटींसाठी ६ × ४ मिमी दहा मीटर, वाशांसाठी ५ × ४ मिमी चौदा मीटर, जुन्या मजल्याच्या कड्यांसाठी (फळ्या पेलणाऱ्या लाकडांसाठी) ७ × ५ मिमी चार मीटर. दालनात नंतर घालायच्या मजल्यासाठी ११ × ११ मिमीची वीतभर पट्टी आणि ४ × ५ मिमी दोन मीटर वेगळं ठेवा. वाशांच्या मधल्या आधारासाठी ६ × ६ मिमी सव्वा मीटर.

पायासाठी १२ मिमीच्या वॉटरप्रूफ प्लायचे ७६० × ४६० मिमीचे दोन तुकडे, एकावर एक. विटा आणि दगडांसाठी २ मिमी आणि ५ मिमी सनबोर्ड. छपरासाठी अर्धा किलो मोकळा काथ्या. लाकडी खुंट्यांसाठी उदबत्तीच्या काड्या, मसाला खरवडून. कुडासाठी एक खराटा आणि बारीक सुतळीचा रीळ. खराटा, काथ्या, सुतळी जांभळी नाक्याच्या बाजारात एका फेरीत मिळतं. हत्यारांत ३ मिमीची धारदार पटाशी, बारीक दातांची करवत, गुण्या, १.२ ते १.५ मिमीच्या पात्यांचा हातड्रिल आणि फेव्हिकॉल.

काम दिवाळीनंतर सुरू करून मे संपायच्या आत छप्पर पुरं करावं. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत लाकूड फुगतं. जुलैत कापलेला घट्ट कुसू जानेवारीत खुळखुळतो, आणि फेव्हिकॉल सुकायला दुप्पट वेळ घेतं. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना सीलर लावा. एकाच बाजूला लावलं तर दुसरी बाजू ओल ओढते आणि पाया ताटासारखा वाकतो. मग वरचा सांगाडा पिळवटतो.

सांगाडा

आधी जोतं. खऱ्या घरात दगडी जोतं दीडेक फूट उंच असतं, कारण त्यावर आडवं पडलेलं ओकचं लाकूड जमिनीच्या ओलीपासून वाचवायचं असतं. मॉडेलवर १९ मिमी. शतकानुशतकं रस्ता वर येत गेला आणि पुष्कळ पबांत हे खालचं लाकूड मातीत गाडलं जाऊन कुजलं. म्हणूनच जुन्या पबांच्या भिंतींचा खालचा हात-दोन हात भाग पुष्कळदा विटांचा दिसतो: कुजलेलं कापून काढून ती भर घातलेली असते. मागच्या भिंतीत अशी एक जागा मुद्दाम दाखवा.

एकूण चार आडव्या चौकटी, प्रत्येकीला दोन खांब आणि एक तुळई. खांबाचं डोकं खालच्या भागापेक्षा जाड असतं. झाड उलटं उभं करून मुळाकडचा रुंद भाग वर घेत, कारण तिथे एकाच डोक्यावर भिंतीच्या माथ्याचं लाकूड आणि तुळई दोन्ही बसवायची असतात. आपण १० मिमीच्या खांबाला वरच्या ३५ मिमीत आतल्या बाजूने ५ मिमीची निमुळती पाचर चिकटवायची. क्रम चुकवू नका: आधी खांबावर माथ्याचं आडवं लाकूड, त्यावर तुळई. तुळईच्या खालच्या अंगाला पारव्याच्या शेपटीसारखा पसरट कुसू कापतात, तो माथ्याच्या लाकडात बसतो. त्यामुळे वाशांचा रेटा भिंतींना बाहेर ढकलायला लागला की हा सांधा त्यांना धरून ठेवतो. तुळई खाली आणि माथ्याचं लाकूड वर घेतलं तर मॉडेल दिसायला तसंच दिसेल, पण वासे बसवताना भिंती बाहेर झुकतील.

खाच लाकडाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे आपल्याकडे ३ मिमी, आणि खोली ६ मिमी. आधी दोन भोकं पाडून मग पटाशीने कडा सरळ करा. थेट पटाशी ठोकली तर सागाची पट्टी रेषेत चिरते. मोठ्या सांध्यांनाच खाच-कुसू करा. ६ × ४ च्या चौकटी नुसत्या फेव्हिकॉलने टोकाला टोक जोडल्या तरी चालतात, त्यांच्यावर भार नाही.

ओक ओलं असतानाच घडवत, आणि ते जागेवर सुकताना पिळवटे. जुन्या पबच्या वाकड्या भिंतींचं मोठं कारण हेच. सांधा सुकताना सुटू नये म्हणून सुतार एक युक्ती करत: कुसवातलं भोक खाचेतल्या भोकापेक्षा सुमारे ३ मिमी आतल्या बाजूला पाडायचं. खुंटी ठोकली की ती कुसवाला खेचून आत घट्ट करते. मॉडेलवर हे करायला जाऊ नका, एवढ्याशा जागेत कुसू फाटतो. सरळ भोक पाडून उदबत्तीची काडी घाला आणि ती मिलिमीटरभर बाहेर ठेवा. काड्या घासून सपाट केल्या तर सांगाडा प्लास्टिकसारखा वाटतो.

प्रत्येक सांध्यावर सुताराची खूण करा. सांगाडा आधी आवारात आडवा जोडून पाहत, मग सुटा करून जागेवर उभारत. कोणता कुसू कुठल्या खाचेत ते कळावं म्हणून पटाशीने रोमन आकड्यांसारख्या रेघा ओढत. चार म्हणजे चार उभ्या रेघा, पाच म्हणजे दोन तिरक्या रेघांचा कोन, दहा म्हणजे फुली. वजाबाकीचा चार सहसा वापरत नसत, कारण उलट्या बाजूने तो सहा वाचला जाई. ही पद्धत तुमच्याही कामाची आहे. चारही चौकटी आडव्या जोडून, खुणा करून, मग उभ्या करा.

छप्पर, आणि आपली डोळ्यांची सवय

आपल्या डोळ्यांना मंगलोरी कौलांच्या बसक्या उताराची सवय असते. इथे गवताचं छप्पर आहे आणि त्याला साधारण ५० अंशांचा उतार लागतो. काडीवरून पाणी वेगाने निसटलं पाहिजे. उतार कमी झाला की पाणी आत मुरतं आणि काडी कुजते. अंदाजाने कापलेलं छप्पर हमखास ३५-४० अंशांवर येतं. म्हणून पुठ्ठ्याचा साचा करा: पाया २२९ मिमी, उंची १३६ मिमी, दोन्ही बाजू १७८ मिमी. वासे २०० मिमी कापा, म्हणजे वळचणीला २२ मिमी पुढे राहतील.

वाशांच्या तीस जोड्या, २० मिमी अंतरावर. इथे दुसरी सवय आडवी येते. आपल्याकडे आढं आधी आणि वासे त्याला टेकलेले. दक्षिण आणि पूर्व इंग्लंडच्या मध्ययुगीन छपरांना आढंच नसतं: वाशांची जोडी माथ्यावर एकमेकांत अर्धी-अर्धी कापून खुंटीने जोडलेली असते. आधार खालून मिळतो. तुळईवर दोन उभे दांडे, त्यांच्या डोक्यावर आडवा बंध, आणि बंध व वासा यांच्या बेचक्यात अडकवलेली ६ × ६ ची लांब आडवी पट्टी. जोड्या साच्यावर सपाट ठेवून एकेक चिकटवा आणि सगळ्या सुकल्या की उभ्या करा. उभ्या केल्यावर एकेक वासा चिकटवत गेलात तर दहाव्या जोडीला माथ्याची रेष सरकलेली असते.

आता या मॉडेलमधला सगळ्यात बोलका तपशील. मधल्या दालनात चूल उघड्यावर जळत होती, त्यामुळे तिथल्या वाशांवर काजळीचा जाड थर असतो. टोकाच्या खणांना दालनापासून तोडणारी कुडाची भिंत छपरापर्यंत गेलेली असते, म्हणून तिकडचे वासे स्वच्छ. इंग्लंडमध्ये जुन्या पबच्या माळ्यावर चढणारा अभ्यासक पहिल्यांदा हीच काजळी शोधतो. ती दिसली की इथे एकेकाळी धुराडं नसलेलं दालन होतं हे पक्कं. मॉडेलमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटींमधलेच वासे पातळ काळ्या रंगाने माखा आणि छपराचा मागचा एक तुकडा उचलता येईल असा ठेवा, नाहीतर ही काजळी कोणाला दिसणार नाही. याच अवस्थेतलं घर बघायचं तर ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात बेलीफ नावाचं घर आहे. केंटमधून सोडवून तिथे पुन्हा उभारलेलं, उघड्या चुलीचं.

कूड

हे काम ठाणेकराला कोणी शिकवायला नको. येऊरच्या पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप असतो. इंग्लंडचा कूड त्याचाच भाऊ आहे. चौकटीच्या वरच्या लाकडात भोकं, खालच्यात खाच. टोक काढलेल्या ओकच्या उभ्या काठ्या वर खुपसून खाली सरकवत. त्यांच्यातून हेझल या झुडपाच्या लवचीक फांद्या विणत, आणि दोन्ही बाजूंनी माती, चिरलेलं गवत, शेण यांचा लेप. वरून चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी.

सगळ्या चौकटी विणत बसू नका. दर्शनी भागातली एक चौकट उघडी ठेवा, तिथे खराट्याचे हीर ८ मिमी अंतरावर उभे लावून सुतळी विणा आणि अर्ध्या भागावर गाळलेली माती, बारीक कापलेला काथ्या आणि थोडं फेव्हिकॉल यांचा लेप द्या. बाकी चौकटींत २ मिमी सनबोर्ड घाला, लाकडाच्या तोंडापासून दीड मिलिमीटर आत. त्यावर तीन भाग खडूची भुकटी, एक भाग चाळलेली वाळू, एक भाग फेव्हिकॉल आणि लागेल तेवढं पाणी. पहिला हात पातळ. तो सुकल्यावर दुसरा. एकदम जाड थर दिला तर कडेने सुटतो, आणि ती भेग वारा यायच्या भेगेसारखी दिसते.

खऱ्या पबवर मात्र सिमेंटचा गिलावा म्हणजे मोठं नुकसान. चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतं, आणि कोंडलेल्या ओलीत ओक कुजतं. विसाव्या शतकात अशा दुरुस्त्या खूप झाल्या आणि अजूनही त्या उकरून काढाव्या लागतात. आपल्याकडच्या जुन्या कौलारू घरांच्या मातीच्या भिंतींवर सिमेंट चढवताना हीच चूक होते, म्हणून इथे थांबून सांगितलं.

लाकूड काळंभोर रंगवू नका. काळी लाकडं आणि पांढऱ्या भिंती हे रूप बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातल्या हौसेचं आहे. पुष्कळ भागांत ओक तसंच सोडत आणि ते रुपेरी राखाडी होई, किंवा सफेदीचा हात लाकडावरूनही फिरे. तो राखाडी रंग घरी करता येतो. पाव लिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बारीक स्टील वूलचा लिंबाएवढा गोळा दोन-तीन दिवस ठेवा. झाकण सैल ठेवा आणि बाटली खिडकीत. आत वायू तयार होतो. लाकडाला आधी दाट कोऱ्या चहाचा हात द्या, तो सुकला की गाळलेलं व्हिनेगर लावा. दहा-पंधरा मिनिटांत रंग वळतो. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी यात टाकली तर काहीच होत नाही, कारण ती गंजत नाही. फेव्हिकॉल सांडलेल्या जागीही रंग धरत नाही, तेव्हा हे काम सांगाडा जोडण्याआधी सुट्या पट्ट्यांवर करावं.

धुराडं आलं आणि घर बदललं

सोळाव्या-सतराव्या शतकांत विटांचं धुराडं दालनात घुसवलं गेलं. पुष्कळ घरांत ते मुख्य दारासमोरच बांधलं. दार उघडलं की समोर धुराड्याची बाजू, लहानशी जागा, आणि डावी-उजवीकडे खोल्या. पुढे पबला हा आराखडा फार सोयीचा ठरला: एकाच दारातून दोन वेगवेगळ्या खोल्यांत जाता येतं.

आपल्या मॉडेलमध्ये धुराडं मधल्या खणात, कोठाराकडच्या चौकटीला लागून. खालचा भाग घराच्या रुंदीत ११४ मिमी आणि लांबीत ७६ मिमी. पुढे दाराची जागा उरते, मागे जिना बसतो. दालनाकडे चुलीचं तोंड ८९ मिमी रुंद, ६४ मिमी उंच, खोली ५० मिमी. खऱ्यात हे सात फूट रुंद असतं आणि चुलीच्या आतच दोन्ही बाजूंना बसायला जागा असते. वर १२ × १२ मिमीची ओकची तुळई. तिच्या तोंडावर दाभणाने दोन खुणा कोरा: कर्कटकाने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल आणि मेणबत्तीने भाजल्यासारखा थेंबाच्या आकाराचा डाग. धुराड्यातून वाईट शक्ती घरात शिरते या समजुतीने चुलीपाशी आणि दारांपाशी अशा खुणा करत.

विटा जुन्या इंग्रजी मापाच्या, ९ × ४¼ × २¼ इंच. सनबोर्डवर रिकाम्या बॉलपेनने २.८ मिमी अंतराने आडव्या रेघा दाबा. उभे सांधे एका थरात ९.५ मिमीवर आणि वरच्या थरात ४.५ मिमीवर, आलटून पालटून. आपल्याकडच्या शाळेच्या चित्रांत सगळे थर लांब विटांचेच असतात. जाड भिंतीत टोक बाहेर ठेवून आडव्या घातलेल्या विटा दिसायलाच हव्यात, त्याच भिंतीची दोन अंगं बांधून ठेवतात.

छपराबाहेर धुराडं ३८ × ३८ मिमी. वाशांच्या दोन जोड्या तिथे कापाव्या लागतील. कापलेली टोकं आडव्या पट्टीने बांधा. उंची माथ्याच्या वर ७५ मिमी, खऱ्यात १.८ मीटर. ठिणगी गवतावर पडू नये म्हणून आज किमान एवढी उंची सुचवतात. फ्लीस इनचं गवती छप्पर २००४ मध्ये पेटलं होतं आणि दुरुस्तीनंतरच पब पुन्हा उघडला. त्यामुळे आखूड धुराडं हा नुसता दिसण्याचा दोष धरू नका.

धूर बंद झाल्यावर दालनात मजला घालता आला. धुराड्यापासून उजव्या चौकटीपर्यंत ११ × ११ ची मधली तुळई, खालच्या कडा तासलेल्या, आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ कड्या. इथे एक फरक पाळा. टोकाच्या खणांतला मजला जुना, तिथल्या कड्या आडव्या पडलेल्या असतात: ७ मिमी रुंद, ५ मिमी उंच. नव्या मजल्याच्या कड्या उभ्या: ४ मिमी रुंद, ५ मिमी उंच. जाणकार माणूस छत पाहून खोलीचं वय ओळखतो ते याच फरकावरून.

काथ्याचं गवत

काथ्या विंचरून ६० मिमी लांब, करंगळीएवढ्या जुड्या करा. वाशांवर आधी सुतळीच्या आडव्या ओळी १५ मिमी अंतराने ताणा. वळचणीपासून सुरुवात, एक ओळ पूर्ण झाली की पुढची तिच्या दोन तृतीयांश भागावर चढवून. एकूण जाडी १२-१३ मिमी व्हायला हवी. वळचणीची कड शेवटी कात्रीने आडवी कापा. आधी कापलेल्या जुड्या लावल्या तर कड करवतीसारखी येते. माथ्यावर जुड्या दुमडून घाला आणि आडव्या-तिरक्या काड्यांनी दाबा. खऱ्या छपराचा हा माथाच सगळ्यात आधी झिजतो आणि दहा-पंधरा वर्षांनी नवा करावा लागतो. पन्हळ लावू नका. गवती छपराला ती सहसा नसते, वळचण पुरेशी पुढे असते.

भाताचा पेंढा वापरायचा मोह होईल. तो या मापाला जाड दिसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला बुरशी व किडे लागतात. काथ्याही बांधण्याआधी एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम बोरिक पावडर आणि ३० ग्रॅम टाकणखार विरघळवून त्यात बुडवून पूर्ण वाळवा. हे पाणी मुलांच्या आणि मांजरांच्या हाती लागू देऊ नका.

आता पब

उजव्या खणाला बाहेरून ५ मिमी सनबोर्डची विटांची दर्शनी भिंत लावा. अठराव्या शतकात जुन्या सांगाड्यावर अशी भिंत चढवणं ही फॅशन होती. मागे लाकूड तसंच. तिच्यात वर-खाली सरकणाऱ्या झडपांची खिडकी, ३८ × ६४ मिमी, वर सहा आणि खाली सहा काचा. शेजारी तेवढीच विटांनी बुजवलेली खिडकी. १६९६ ते १८५१ पर्यंत इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर होता, आणि कर वाचवायला लोक खिडक्या बुजवत. लाकडी भागातल्या खिडक्या मात्र छोट्या, पारदर्शक ओएचपी शीटवर चंदेरी पेनने तिरक्या चौकटी आखलेल्या.

१८३० च्या कायद्याने करदात्या घरमालकाला दोन गिनी (जुनं इंग्रजी चलन) भरून बिअर विकायचा परवाना मिळू लागला आणि खेडोपाडी घरांचे पब झाले. काउंटरही साधारण याच काळातलं. त्याआधी पिंपातून भांड्यात भरून आणून देत. जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये बिअरच्या पंपाचं पेटंट घेतलं, आणि पिंपाजवळ न जाता काउंटरवरून बिअर ओढता येऊ लागली. तेव्हा काउंटर पिंपांच्या खोलीकडच्या बाजूला, धुराड्याच्या मागे, डाव्या खणाच्या तोंडाशी लावा: उंची ४४ मिमी, वर दोन हातपंप टाचण्यांचे. त्याची एक खिडकी दालनाकडे उघडते. उजव्या खणात दुसरी, जरा नीटनेटकी बैठकीची खोली. चुलीपाशी उंच पाठीचा बाक, ६० मिमी उंच. ही पाठ दारातून येणारा गार वारा अडवते.

पिंपांची खोली मागच्या, उत्तरेकडच्या बाजूला. तिथे वरचा प्लाय कापून काढा, म्हणजे जमीन १२ मिमी खाली जाईल, खऱ्यातल्या फूटभर. मध्ये दोन पायऱ्या. पिंपातल्या एलला ११ ते १३ अंश सेल्सियस लागतं. यंत्र नसताना ते जमिनीत खोल जाऊन आणि ऊन टाळूनच मिळे. पिंपं आडवी, लाकडी घोडीवर, खाली पाचरी लावून. नऊ गॅलनचं पिंप मॉडेलवर साधारण २१ मिमी लांब होतं.

पाटी शेवटी. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या काळात एल विकणाऱ्यांना पाटी लावणं बंधनकारक झालं, कारण एल तपासणाऱ्याला घर ओळखता यायला हवं होतं. वाचता येणारे थोडे, म्हणून चित्र. ३८ × ५० मिमीच्या पाटीवर मेंढी, घंटा, नांगर असं एकच ठळक चित्र काढा. ती भिंतीवर चिकटवू नका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसेल अशी कंसावर आडवी टांगा. कंस विटांच्या भिंतीला नको, ५ मिमी सनबोर्ड ते वजन धरत नाही. तो मागच्या खांबापर्यंत भोक पाडून, लाकडात घट्ट बसवा.